माझं अस्सल पोट

सानगडी आणि पंचक्रोशीतील तमाम नाट्यरसिक, माताभगिनी, तसेच तिकीट न काढता कनातीच्या फटीतून नाटक पाहणारे सज्जन, यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेले काही हंगाम आपण ज्या पोटाला टाळ्या आणि शिट्ट्या दिल्या, ते पोट कलावंताच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. त्यात एका आजाराने परस्पर बिऱ्हाड थाटले होते. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत.

ही घोषणा मी मनातल्या मनात केली, नागपूरच्या एका हॉस्पिटलात. सर्जन मॅडमनी माझ्या सीटी स्कॅनची स्क्रीन आमच्याकडे वळवली होती. मी एका खुर्चीवर, शेजारी माझी बायको वंदना, मागे उभी आमची मुलगी अश्विनी.

मॅडम म्हणाल्या, "हे पाणी नाही आणि चरबीही नाही. पोटात जेली भरली आहे. याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात."

खरं सांगतो, नाव ऐकून मी क्षणभर सुखावलो. आमच्या गावात लोकांना शुगर होते, बीपी होतो, फार तर किडनी स्टोन. एवढं लांब आणि भारदस्त नाव असलेला आजार आजवर कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

मग मॅडमनी समजावलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक नळी लोंबते, ती अपेंडिक्स. तिच्यात कधीतरी एक गाठ होते. ती चिकट द्रव तयार करते. अपेंडिक्स फुटतं आणि त्या पेशी पोटभर पसरतात. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्या पडद्यावर या पेशी बसतात आणि जेली तयार करत राहतात. हे सगळं फार सावकाश चालतं, वर्षानुवर्षं, फारसा गाजावाजा न करता.

"म्हणजे कॅन्सर?" अश्विनीने विचारलं.

"हो. दुर्मीळ आहे. तुमच्या वडिलांचा सावकाश वाढणाऱ्या प्रकारातला दिसतो. पण कॅन्सरच."

रंगभूमीवरच्या माणसाला शांतता सोसत नाही. मी म्हणालो, "मॅडम, जेली एवढी निघत असेल त मंडईत दुकान लावाले हरकत नाई."

आणि वंदना हसली.

तिथे माझा धीर पहिल्यांदा सुटला. कारण वंदना माझ्या विनोदाला हसत नाही. लग्न झालं तेव्हापासून नाही. माझं नाटक असलं की ती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, शाल गुंडाळून, हिशेब तपासायला आलेल्या साहेबासारखी बसते. अख्खा मांडव लोळत असताना तिचा चेहरा हलत नाही. सकाळी चहासोबत मला माझ्या चुका मिळतात. "दुसऱ्या अंकात तुमी उगाच बोंबलत होते." तिची जीभ म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात धारदार कात्री, आणि आमचं घर टेलरचं आहे.

ती बाई डॉक्टरसमोर माझ्या फालतू विनोदाला दात दाखवून हसली. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

आता पोटाचा इतिहास सांगतो. तो सांगितल्याशिवाय तुम्हाला आमची चूक कळायची नाही.

मी प्रभाकर, सानगडीचा टेलर. मी पँट-शर्ट शिवतो, वंदना ब्लाउज. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि मंडई म्हटलं की नाटक पाहिजेच. आमच्या कंपनीचा मालक गोवर्धनभाऊ. त्याच्या प्रत्येक नाटकात एक खादाड पाटील असतो आणि तो मी असतो. पाटलाला पोट हवं म्हणून मी स्वतः एक उशी शिवली होती, बांधायला नाड्या लावलेली.

एका हंगामात ती उशी जरा जास्तच फुगलेली वाटली. मी उसवून थोडा कापूस काढला. पुढच्या हंगामात आणखी काढला. टेलर माणूस, फिटिंग बिघडलं की दुरुस्त करायचं, एवढंच मला ठाऊक. शेवटी उशीची नुसती खोळ उरली आणि गोवर्धनभाऊ आनंदाने म्हणाला, आता खोळही राहू दे.

त्या वर्षी जाहिरातीच्या ऑटोवरचा भोंगा गावोगाव ओरडत फिरला की, यंदा पाटलाला उशी नाही, यंदा अस्सल पोट. लोक खास पोट पाहायला आले. नोकराचं काम करणारा नट त्यावर ढोलकी वाजवायचा आणि वन्स मोअर मिळायचा. माझी बेंबी बाहेर आली तेव्हा त्यावरही एक हशा बसवण्यात आला. माझे हातपाय बारीक होत होते. लोक म्हणाले, कलावंत कसा भूमिकेत शिरला पाहा.

फक्त एका माणसाला हे पोट आवडत नव्हतं. वंदनाला. आमच्याकडे पोट सुटलं की दोष भाताचा. तिने माझा भात तोडला. आधी एक वाढप कमी, मग संध्याकाळचा बंदच. आणि ताटावर बसलो की तोंडी लावायला टोमणे. "हे पोट नाई, सोसायटीचं गोदाम हाये. अर्ध्या गावचं धान मावते यात." मी भाताशिवाय जेवायचो आणि पोट वाढतच जायचं. तिचा संशय होता की मी मंडईत चोरून भजी खातो. खात होतो, पण त्याचा या कथेशी संबंध नाही.

अखेर बेंबीपाशी दुखायला लागलं. गावच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या, मग हर्निया म्हणाला आणि भंडाऱ्याला सोनोग्राफीसाठी पाठवलं. सोनोग्राफीत पाण्यासारखं काही दिसलं. जलोदर असेल म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढायचा प्रयत्न केला. सुई आत गेली आणि काहीच आलं नाही. त्यांनी सुई बदलली, जागा बदलली. तरी नाही. जेली सुईतून येत नाही हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्या डॉक्टरांचे मी कायम आभार मानतो, कारण त्यांनी तिसऱ्यांदा टोचलं नाही. "मला हे समजत नाही, तुम्ही नागपूरला जा," असं ते सरळ म्हणाले. हे वाचणाऱ्या कुणाचं पोट विनाकारण वाढत असेल आणि हातपाय वाळत असतील, त्याने भाताला दोष देऊ नये. स्कॅन करावा.

पुढचे दिवस तपासण्यांचे. आम्ही अश्विनीच्या नागपूरच्या खोलीवर राहिलो. ती तिथे एका ऑफिसात नोकरी करते. बायोप्सी झाली, म्हणजे पोटातला छोटा तुकडा काढून तपासणं. कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे मागच्या दाराने कॅमेरा आत नेणं. आयुष्यात प्रथमच मी कॅमेऱ्याकडे पाठ केली. ट्यूमर मार्कर नावाच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यांच्यावरून आजाराचा जोर कळतो. प्रत्येक ठिकाणी लांब बाकडी होती आणि प्रत्येक बाकड्यावर मी काहीतरी बोलत होतो आणि प्रत्येक वेळी वंदना हसत होती. तिचं हसणं वेळेवर यायचं, पाठ केल्यासारखं. माझा जीव घाबरा व्हायचा.

ऑपरेशन दोन भागांचं होतं. पहिला भाग सायटोरिडक्टिव्ह सर्जरी, म्हणजे डोळ्याला दिसेल तेवढा सगळा आजार काढून टाकायचा. दुसरा हायपेक, म्हणजे पोट उघडं असतानाच केमोथेरपीचं गरम औषध आत फिरवायचं, म्हणजे न दिसणाऱ्या पेशी मरतात. मॅडमनी काय काय काढावं लागेल ते वाचून दाखवलं. अपेंडिक्स, उजव्या बाजूचं मोठं आतडं, आतड्यावर पांघरलेली चरबीची चादर, पित्ताशय, प्लीहा, पडद्याचे भाग, बेंबी.

"बेंबीसुद्धा?" मी विचारलं.

"बेंबीसुद्धा. आणि काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी लागेल."

प्लीहा काढली तर जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून आधी लशी टोचल्या. तीन चेंडू असलेलं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून. हे यंत्र मिळालं तर कंटाळा करू नका. ऑपरेशननंतर तेच कामी येतं.

गोवर्धनभाऊ हॉस्पिटलात भेटायला आला तो दारातूनच रडत आला. सहा फुटी माणूस, स्टेजवर दरोडेखोर करतो. माझा हात धरून म्हणाला, "परभाकर, मीच तुह्या पोटाले भोंगा लावला रे. साऱ्या जिल्ह्याची नजर लागली." नर्सने त्यालाच पेशंट समजून खुर्ची दिली. मी त्याला काम लावलं. गावाकडून येणारे सगळे फोन त्याने घ्यायचे. तो दुसऱ्या मिनिटाला सावरला. घरच्या प्रत्येकाला एकेक काम द्यावं, ही माझी आपल्या सर्वांना सूचना आहे. रिकाम्या हाताने बसलेलं माणूस आतून पोखरत जातं. अश्विनीकडे फाइल आणि औषधं दिली. वंदनाला काय काम द्यावं ते मला सुचलं नाही. ती सगळंच करत होती, गपगुमान, आणि हसत.

ऑपरेशनला आत नेताना मी शेवटचा प्रयत्न केला. स्ट्रेचरवरून म्हणालो, "वंदना, मी नाई आलो त माह्या मशीनवर ब्लाउज नको शिवजो. सुई मोडशील." एरवी यावर तिने मला स्ट्रेचरसकट परत आणलं असतं. ती म्हणाली, "तुमी म्हणता तसंच."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत चाललं म्हणे. मला त्याचं काही श्रेय नाही, मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा नाकात नळी, मानेत नळी, पोटाच्या दोन्ही बाजूंना नळ्या. आयसीयूमधले दिवस मी सजवून सांगणार नाही. दुखतं. तहान लागते आणि ओठ ओले करण्यापलीकडे पाणी मिळत नाही. दुसऱ्याच दिवशी उठून बसवतात आणि तुम्हाला वाटतं हे लोक दुष्ट आहेत. ते दुष्ट नसतात. उभं राहा. मी उभा राहिलो आणि खाली पाहिलं, तर कित्येक वर्षांनी मला माझ्या पायांची बोटं दिसली. त्यांना मी नमस्कार केला.

मॅडम आल्या, म्हणाल्या, "दिसत होता तेवढा सगळा काढला. बादली भरून जेली निघाली." मी विचारलं, आता बरा झालो का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. "हा आजार परत येऊ शकतो. आपण वर्षानुवर्षं लक्ष ठेवणार. मधल्या काळात तुम्ही जगायचं."

गावी आलो तेव्हा पावसाळ्यातली धानाची रोवणी सुरू होती. पोटावर डावीकडून उजवीकडे नव्हे, वरून खाली लांब टाका, बेंबी गायब आणि बाजूला पिशवी. या पिशवीला घाबरू नये. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं असतं, त्याला स्टोमा म्हणतात. त्याच्याभोवती चिकटणारी चकती लावायची आणि चकतीला बरोबर मापाचं भोक कापायचं. मोठं झालं तर कातडी सोलून निघते, लहान झालं तर काचतं. नर्सने हे शिकवलं तेव्हा मी आणि वंदनाने एकमेकांकडे पाहिलं. माप घेऊन गोल कापणं! जन्मभर दुसरं केलं काय? वंदना बाही बसवते तसं भोक बसवायची.

पण टोमणा नाही. महिने गेले, एक टोमणा नाही. मी तिला चिथवायला काय काय केलं! तिच्या वरणाऐवजी तिच्या भावजयीच्या वरणाची तारीफ केली. तिच्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर चहाचा कप ठेवला. ती हसून कप उचलायची. ताटात भात आता डोंगराएवढा. शेवटी एक दुपारी मी जुन्या, टाकून द्यायच्या चकतीला मुद्दाम पेरूएवढं वाकडंतिकडं भोक कापलं आणि तिच्यापुढे धरलं. कोणत्याही टेलरच्या बायकोने कात्री हिसकून घेतली असती.

तिने पाहिलं, म्हणाली, "चांगलं हाये."

मी कात्री बाजूला ठेवली. "वंदना, काहून असं करून राहिली तू? मले मेल्यासारखं वाटते."

तिचा चेहरा हलला. मग बांध फुटावा तसं आलं. "तुमाले बिमारी होती आन् मी तुमचा भात तोडला. भुकेल्या माणसाले गोदाम म्हणत होती मी. तुमी आतून सरून राहिले होते, आन् मी रोज टोचून राहिली होती. आता माह्या तोंडून एक शब्द वाकडा निंगाला आन् तुमाले काई झालं, त मी कोणाले तोंड दाखवू?"

म्हणजे ही बाई इतके महिने जीभ दातांत धरून बसली होती. शेवटचा शब्द टोमणा असू नये म्हणून. आणि मी समजत होतो की ती माझ्या मरणाची तयारी करते आहे.

मी तिला सांगितलं, साऱ्या जिल्ह्याने हे पोट पाहिलं, दोन डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, मी स्वतः उशीतला कापूस काढत बसलो. तुला कसं कळणार होतं? ती म्हणाली, "लोकायची गोष्ट येगळी. मी घरची हाये." मी नुसता तिच्याजवळ बसलो. त्या दिवशी आम्ही दोघं बराच वेळ रडलो. मी रडतानाही थोडं जास्तच करतो, पण त्या दिवशी केलं नाही.

पुढच्या तपासणीला मी मॅडमना आत जाऊन हळूच सांगितलं की माझं ठीक चाललंय, पण सोबतच्या पेशंटकडे बघा. मॅडमनी मला बाहेर बसवलं आणि वंदनाशी एकटीशी बोलल्या. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही. येताना भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला चहा प्यायला उतरलो तेव्हा ती इतकंच म्हणाली, "मॅडम म्हणे, भातानं हा रोग होत नाई आन् भात तोडल्यानं वाढत बी नाई." आणि तिने बशीतला चहा संपवून आणखी अर्धा कप मागितला. बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं.

आजार तुमचा असतो, पण तुमच्या घरच्यांचे रिपोर्ट कुणी काढत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण पेशंटला विचारतो, कसं वाटतं? शेजारी उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारत नाही. तुम्ही खाटेवर असलात तरी तेवढं विचारा. त्याला ताकद लागत नाही.

पिशवी नंतर दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने निघाली. आतडं परत जोडलं. आता दिवसातून काही वेळा धावत जावं लागतं, मसालेदार रस्सा झेपत नाही, ताप आला तर प्लीहा नसल्यामुळे लगेच डॉक्टर गाठावा लागतो. थकवा येतो. गोवर्धनभाऊने मला पाटलाऐवजी पाटलाचा उपाशी कारकून दिला आहे आणि माझी उशी नव्या नटाने कापूस भरून घेतली आहे. दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो. स्कॅनच्या आधीचा आठवडा मला झोप कमी लागते आणि बडबड जास्त होते. हे असंच राहणार. मी याच्याशी जुळवून घेतलं आहे आणि सांगायला हरकत नाही, मी मजेत आहे.

परवाच्याच स्कॅनची गोष्ट सांगतो. आम्ही तिघं त्याच खोलीत, त्याच जागांवर. अश्विनीने फाइल छातीशी धरलेली. वंदनाचे हात पदरात. मॅडमनी सगळी चित्रं वर-खाली फिरवून पाहिली, मार्करचे आकडे पाहिले, चष्मा काढला.

"काहीही दिसत नाही. स्वच्छ आहे. सहा महिन्यांनी या."

अश्विनीने डोळे पुसले. वंदनाने एक लांब श्वास सोडला, इतका लांब की टेबलावरचा कागद हलला. आणि मी उभा राहिलो. अशा प्रसंगी आभारप्रदर्शन केलं नाही तर कलावंत कसला? मी मॅडमचे आभार मानले. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे मानले, आयसीयूच्या नर्सचे मानले, स्ट्रेचर ढकलणाऱ्यांचे, कँटीनमध्ये पातळ मूग देणाऱ्या बाईंचे, सुई रिकामी आलेल्या भंडाऱ्याच्या डॉक्टरांचे. आवाज चढत गेला, हात आपोआप पसरले. बाहेरच्या बाकड्यावरचे पेशंट दारातून डोकावू लागले, तसा मला आणखी जोर आला. मी दुसऱ्या अंकाकडे वळत होतो. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा वंदनाने माझ्या शर्टाची बाही धरून मला खाली खेचलं आणि अख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली, "मॅडम, एवढं सारं काढलं तुमी, मंग यायची जीभ कायले ठेवली?"